दार लोटून घेण्याएवढी जागा

आमच्या घराला दार एकच आहे आणि पहाटे दूधवाल्यासाठी उघडलेले ते दार रात्री जेवणे आटोपेपर्यंत उघडेच राहते. नायगावच्या ज्या चाळीत मी लग्न होऊन आले, तिथे दिवसाढवळ्या दार लावून घेतले तर घरात भांडण झाले आहे, कुणी आजारी आहे किंवा पैशांची बोलणी चालू आहेत असा अर्थ काढला जातो, आणि पाचएक मिनिटांत गॅलरीतून ‘काय गं, सगळं ठीक ना?’ असे विचारून कुणीतरी जातेच. १८० चौरस फुटांत आम्ही चौघे राहतो: सासूबाई, नवरा, दहावीतला मुलगा आणि मी. हे आधीच सांगण्याचे कारण असे की, मोफत किंवा परवडणारा ऑनलाइन मानसोपचार कसा शोधावा याविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात पैशांचा हिशेब असतो, संस्थांची नावे असतात, परंतु ती पन्नास मिनिटे मोकळेपणाने बोलायचे कुठे, हा प्रश्न कुणी विचारलेला मला दिसला नाही. मुंबईत तो सर्वांत आधी विचारायला हवा होता, हे मला फार उशिरा कळले.

आई गेली त्याला आता तीन वर्षे होतील. तेराव्यानंतर मी कामावर रुजू झाले, लोकांना वाटले सावरली, मलाही तसेच वाटले. त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी रात्री तीनच्या सुमारास जाग येऊ लागली आणि मग उजाडेपर्यंत झोप नाही. लोअर परळच्या ज्या छोट्या छापखान्यात मी मुद्रितशोधनाचे काम करते, तिथे एका लग्नपत्रिकेतली तारीख माझ्या नजरेखालून चुकीची गेली आणि पाचशे पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. मालक काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर कदाचित बरे झाले असते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थायरॉइड पाहिले, बी-१२ पाहिले, ईसीजी काढला. सगळे अहवाल ठीक निघाले तेव्हा ते म्हणाले, “आता एकदा मनाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.” ही सूचना ऐकल्यावर माझ्या मनात आधी काय आले असेल तर लहानपणापासून ऐकलेला तो विनोद: ‘हिला ठाण्याला पाठवा.’ ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. म्हणजे मुंबईच्या मराठी माणसाच्या चार पिढ्या या एका गावाच्या नावावर हसत आल्या आहेत. मी हसणाऱ्यांतलीच होते, त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी पर्समधल्या आतल्या कप्प्यात दीड महिना तशीच पडून राहिली.

दीड महिन्यानंतर ती बाहेर काढली तेव्हा पहिला फटका शुल्काचा बसला. दादर-माटुंग्याच्या बाजूला तीन-चार ठिकाणी चौकशी केली, तर एका बैठकीचे पंधराशेपासून अडीच हजारांपर्यंत सांगण्यात आले, आणि बैठक आठवड्यातून एकदा तरी हवी, असेही. माझा पगार हातात येतो अठ्ठावीस हजार. महिन्याला चार बैठका म्हणजे मुलाच्या क्लासचा हप्ता. ज्यांनी हे शुल्क सांगितले त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांचीही जागा भाड्याची, शिक्षण अनेक वर्षांचे, आणि दिवसाला माणसे तरी किती ऐकून घेणार! पण न परवडणे हे शेवटी न परवडणेच. आरोग्य विमा आहे म्हणून त्याची कागदपत्रे काढली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांनाही विमा देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले आहे, हे खरे. माझी पॉलिसी मात्र रुग्णालयात दाखल होण्यापुरती होती. दाखल न होता, नुसते जाऊन बोलून येण्याचा खर्च त्यात बसत नव्हता.

मग मोबाईल हातात घेतला. ‘पहिली बैठक मोफत’ अशी जाहिरात असलेल्या एका ॲपवर नाव नोंदवले. मोफत बैठक पंधरा मिनिटांची निघाली. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात माझे सगळे ऐकून घेतले, मला रडूही दिले, आणि रडणे थांबते न थांबते तोच बारा बैठकांच्या पॅकेजवर आज रात्री बारापर्यंत चाळीस टक्के सवलत असल्याचे सांगितले. साडीच्या सेलमध्ये हे चालते. त्यानंतर आठवडाभर त्यांचे संदेश येत राहिले. तेव्हापासून एक नियम मी स्वतःपुरता केला आहे: जिथे बोलण्याआधी पैशांचा आकडा स्पष्ट सांगितला जातो, मग तो शून्य असो वा दोन हजार, तिथेच पुढे जायचे.

शून्याचा आकडा मला भेटला तो एका रात्री सव्वातीनला. केंद्र सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात दूरध्वनीवरून मानसिक आरोग्य सेवा देण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेलि-मानस’ सुरू झाले. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था त्याची मुख्य सूत्रधार आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, वीस भाषांत, एक पैसाही न घेता. हे सगळे मी नंतर वाचले. त्या रात्री मला फक्त पाच आकडे माहीत होते. जिन्याच्या मधल्या वळणावर, जिथे कचऱ्याच्या बादल्या ठेवतात, तिथे बसून मी फोन लावला आणि यंत्राने भाषा विचारली तेव्हा मराठीचा आकडा दाबला.

या आकड्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. मी मराठी माध्यमात शिकले, तरी आजाराची भाषा मात्र आपण इंग्रजीतून उसनी घेतो. ॲपवरच्या मुलीला मी ‘ॲन्झायटी’ आहे असे सांगितले होते, तिने तो शब्द लिहून घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला. जिन्यावर बसून मी म्हणाले, “काय होतंय ते सांगता येत नाही हो. नुसती घालमेल होते.” पलीकडच्या बाई म्हणाल्या, “घालमेल कुठे होते? पोटात, छातीत?” मी थबकले. पोटात होत होती ती कालवाकालव. घालमेल छातीत होती. आणि पहाटे कावळे ओरडायला लागले की जी यायची ती हुरहुर होती, तिला जागाच नव्हती. जीव घाबरा होणे वेगळे, कासावीस होणे वेगळे, धस्स होणे तर क्षणाचे. चाळीस वर्षे हे शब्द मी वापरत आले, छापखान्यात त्यांचे ऱ्हस्वदीर्घ तपासत आले, पण ते निरनिराळ्या जागांची, निरनिराळ्या दुखण्यांची नावे आहेत हे मला कुणी विचारेपर्यंत ठाऊक नव्हते. त्या बाईंनी जगण्याचा कंटाळा येतो का, स्वतःला काही करून घ्यावे असे वाटते का, हेही सरळ विचारले. विचारताना आवाज जराही बदलला नाही, त्यामुळे मलाही खरे उत्तर देता आले: मरावेसे वाटत नाही, पण उद्या उजाडूच नये असे वाटते. त्यावर त्या थोडा वेळ थांबल्या आणि ‘हे कधीपासून?’ असे विचारून पुढे बोलत राहिल्या.

हेल्पलाइन म्हणजे उपचार नव्हे, ही गोष्ट मात्र समजून घ्यायला हवी. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा आवाज दुसरा होता, आणि तसेच असणार. चोवीस तास चालणाऱ्या सेवेत एकच माणूस चोवीस तास बसू शकत नाही. ती त्या रात्रीपुरती सोबत असते आणि पुढची वाट दाखवते. गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवण्याची सोयही तिथे आहे. दर आठवड्याला तोच माणूस, ज्याला तुमच्या आईचे नाव लक्षात आहे, तो वेगळा शोधावा लागतो.

देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली सुरू केलेल्या ‘आयकॉल’ची माहिती मला त्या शोधात मिळाली. तिथे प्रशिक्षित समुपदेशक फोनवर विनामूल्य बोलतात, आणि ज्यांना बोलणे शक्य नाही त्यांना ईमेल करता येतो. ईमेलची सोय ज्याने कुणी काढली, त्याने चाळीतले घर पाहिलेले असणार, असे मला वाटते. सगळे झोपल्यावर पांघरुणात मोबाईलचा उजेड कमी करून मी जे लिहिले, ते मोठ्याने कुणाला सांगू शकले नसते. आणि लिहिताना, व्यवसायामुळे असेल, मी तेच वाक्य तीनदा दुरुस्त करीत होते, तेव्हा माझे मलाच दिसले की आईच्या शेवटच्या दिवसांबद्दलचे प्रत्येक वाक्य मी ‘मी जर’ने सुरू केले आहे. ठाण्याच्याच आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्य संस्थेचे, जी डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० साली उभी केली, यूट्यूबवर ‘आवाहन’ नावाने मराठी व्हिडिओ आहेत. ते उपचार नव्हेत, पण लोकलमध्ये कानात घालून ऐकत गेले तर या विषयावर मराठीत न लाजता बोलता येते एवढा धीर येतो. ठाण्याच्या नावावर हसण्याचे माझे दिवस तिथे संपले.

नियमित माणूस शोधताना कोण कोण आहे, हे कळून घेण्यात माझे बरेच दिवस गेले. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टर. औषध ते लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तो नोंदणी क्रमांक विचारला तर कुणी रागावत नाही. जो रागावेल त्याच्याकडे जाऊ नये. उरला समुपदेशक हा शब्द, आणि घोळ आहे तो तिथे. मानसशास्त्रात एम.ए. करून, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली व्यक्तीही समुपदेशक आणि दोन शनिवार-रविवारच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेली व्यक्तीही समुपदेशक. स्वस्तात काही शोधणाऱ्याची गाठ या दुसऱ्याशी पडण्याची शक्यता जास्त असते. शिक्षण कुठे झाले, काम कुणाच्या देखरेखीखाली चालते, मी बोललेले कुणाला कळणार, हे तीन प्रश्न मी कागदावर लिहून ठेवले होते आणि प्रत्येकाला तेच वाचून दाखवत असे.

शेवटचा प्रश्न होता शुल्काचा. अनेक खासगी समुपदेशक आणि न्यास काही जागा कमी शुल्कात देतात. ज्याची जशी ऐपत तसे घेतात. संकेतस्थळावर ते बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच, आपण विचारावे लागते. दादरच्या भाजीबाजारात मेथीच्या जुडीवर पाच रुपये सोडवून घेण्यात मला कधी संकोच वाटला नाही, पण ‘आपल्याकडे शुल्कात सवलत मिळू शकेल का?’ हे एक ओळीचे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. आमच्या घरात उसने मागितलेले नाही, या गोष्टीचा जो अभिमान मी माहेराहून घेऊन आले, तो इथे आडवा आला. शेवटी एका छोट्या न्यासाने पगार विचारला, पावती मागितली नाही, आणि एका बैठकीचे चारशे रुपये ठरवले. सहा आठवडे थांबावे लागले. गुरुवारी संध्याकाळी साडेसात, व्हिडिओवर, पन्नास मिनिटे.

आणि मग तो दाराचा प्रश्न आला.

पहिल्या गुरुवारी मी घरातच, मोरीच्या कोपऱ्याजवळ स्टुलावर बसून कानात हेडफोन घातले. त्यामुळे पलीकडचे कुणाला ऐकू जात नव्हते, पण माझे सगळ्यांना जात होते. सासूबाई मालिका पाहत होत्या, मुलगा भूमितीचे प्रमेय पाठ करीत होता, आणि मी पन्नास मिनिटे ‘हो’, ‘नाही’, ‘तेच ते’, ‘मागच्यासारखंच’ एवढेच बोलले. नव्या कायद्यात रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पडद्याच्या पलीकडून डोकावणाऱ्या मुलाला तो लागू नाही. दुसऱ्या वेळी गच्चीवर गेले, तर टाकीच्या मागे वरच्या मजल्यावरचे कॉलेजकुमार आधीच आपल्या गोपनीयतेसाठी आलेले. कामावर थांबावे म्हटले तर साडेसातला मालक शटर ओढतात. लोकलमध्ये मुंबईतल्या बायका काय काय बोलत नाहीत, पण नेटवर्क सायनच्या अलीकडेच तुटते. शेवटी फाइव्ह गार्डन सापडले. घरापासून दहा मिनिटे चालत, तिकीट नाही, आणि कोपऱ्यातल्या एका बाकाशेजारी दिवा बंद असल्यामुळे रडलेले दिसत नाही. न्यासाच्या समुपदेशिका, ज्यांना मी पुढे ताई म्हणू लागले, त्यांनी व्हिडिओचा हट्ट सोडला आणि साध्या फोनवर बोलू लागल्या. पावसाळ्यात एका हातात छत्री, एका हातात फोन, डोळे पुसायला हात उरत नसे. ताईंना एकदा हे सांगितले तेव्हा त्याही हसल्या आणि मग आम्ही दोघी त्यावर बराच वेळ हसलो, असे मला आठवते.

ताईंची पद्धत विवेकनिष्ठ उपचाराची. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास ती मांडायला सुरुवात केली. घटनेपेक्षा त्या घटनेविषयी आपण धरलेला हट्ट आपल्याला अधिक छळतो, असा तिचा थोडक्यात आशय. हा हट्ट मराठीत एका अक्षराने ओळखता येतो, असे ताई म्हणाल्या, आणि ते अक्षर म्हणजे ‘च’. ‘मी आईजवळ असायलाच हवे होते.’ ‘मला कळायलाच हवे होते.’ गृहपाठ म्हणून त्यांनी मला आठवड्यातले असे ‘च’ वहीत लिहून काढायला सांगितले. बावीस वर्षे दुसऱ्यांच्या मजकुरात नको असलेली अक्षरे खोडणाऱ्या बाईला दुसरा कोणताही गृहपाठ इतका जमला नसता. पहिल्या आठवड्यात एकसष्ट ‘च’ निघाले. खोडून मात्र एकही खोडला गेला नाही. ‘असायला हवे होते’ असे लिहिले की ते वाक्य माझे वाटत नसे, कुणा शेजारणीचे वाटे. त्याला पुढे महिने लागले. अजूनही काही ‘च’ मी तसेच ठेवले आहेत आणि ताईंना ते माहीत आहे.

नुसत्या बोलण्याने झोप परत आली नाही, हेही नोंदवायला हवे. तिसऱ्या महिन्यात ताईंनीच डॉक्टरांना दाखवायला सांगितले. परळचे केईएम, शीवचे टिळक रुग्णालय, मुंबई सेंट्रलचे नायर, या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत आणि तिथला केस पेपर अगदी थोड्या पैशांत निघतो. त्यांपैकी एका ठिकाणी मी सकाळी जाऊन रांगेत बसले. माझ्यापुढे डोंबिवलीहून आलेली एक बाई होती, मागे माथाडी कामगार होता, आणि आम्ही तिघेही एकमेकांना ‘नुसतं झोपेचं आहे’ असे सांगत होतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नऊ महिने घेतल्या, मनाने बंद केल्या नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झाले, त्यात असे आढळले की मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. ज्या १२ राज्यांत ते झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण त्या बाकावर बसून पाहिले असते तर आपला आकडा फार वेगळा निघाला असता असे मला वाटत नाही. रांगेत बसलेले आम्ही सगळे उरलेल्या मूठभरांतले होतो.

दरम्यान चाळीत कुजबुज सुरू झाली होती. फाइव्ह गार्डनला चालायला जाणाऱ्या आमच्या मजल्यावरच्या काकूंनी मला दर गुरुवारी अंधाऱ्या बाकावर फोनवर बोलताना आणि डोळे पुसताना पाहिले होते, आणि त्यांनी काढलेला अर्थ त्यांच्या जागी अगदी तर्कशुद्ध होता. सासूबाईंनी तो अर्थ तीन दिवस पोटात ठेवला आणि चौथ्या दिवशी तांदूळ निवडताना मान वर न करता विचारले, “गुरुवारी कुणाशी बोलतेस गं?” नवऱ्याला सगळे माहीत होते, सासूबाईंना सांगायचे राहून गेले होते, किंवा मी राहू दिले होते. मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “किती घेतात?”

“चारशे.”

“नुसतं बोलायचे?”

“ऐकायचे,” मी म्हणाले.

त्या काही बोलल्या नाहीत. पुढे दिवाळीत मला पगारवाढ मिळाली तेव्हा मी न्यासाला कळवले की यापुढे सहाशे देऊ शकेन, कारण माझ्यामागे सहा आठवडे थांबलेले कुणीतरी असणार हे मला माहीत होते. ही गोष्ट घरात बोलले तर सासूबाई चिडतील असे वाटले होते. त्यांनी उलट विचारले, “आणि त्या फुकटच्या नंबरावर म्हातारी माणसं फोन करतात का?” मग कळले की सासरे गेल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षे, त्यांनाही पहाटे तीनला जाग येते. मी जिन्यावर बसून फोन केला त्या रात्री त्या जाग्या होत्या. मी नळाला पाणी आले की काय ते पाहायला गेले असेन, असे त्यांना वाटले होते.

परवा दुपारी मुलगा क्लासला गेल्यावर मी त्यांना १४४१६ लावून दिला. यंत्राने भाषा विचारली तशा त्या यंत्राला ‘मराठी’ असे मोठ्याने सांगू लागल्या. मी आकडा दाबला. पलीकडून माणसाचा आवाज आला तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी उठले, विळी आणि फरसबी घेऊन बाहेर गॅलरीत बसले, आणि मागे हात नेऊन दार लोटून घेतले. समोरच्या काकूंनी लगेच विचारले, “काय गं, सगळं ठीक ना?” आत सासूबाई हळू आवाजात काहीतरी सांगू लागल्या होत्या. मी काकूंना बसायला पाट सरकवला, दारापासून जरा लांब.